आवाज न करणारं जॅकेट

मिल्टन कीन्स,
रविवार, ११ सप्टेंबर २००५

प्रिय मुरलीधरपंत,

तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा असल्याच्या अधिकारात नमस्काराऐवजी आशीर्वाद पाठवतो. आम्ही तिघं बरे आहोत. वैजयंतीवहिनीही बऱ्या असाव्यात. हल्ली तुमच्याकडे फोन त्याच उचलतात, त्यामुळे त्यांची खुशाली मला तुझ्यापेक्षा जास्त कळते.

हातानं लिहितोय, कारण ऑफिसच्या ईमेलवर देवनागरी उमटत नाही आणि रोमन लिपीतलं मराठी वाचताना मला वडिलांच्या संस्कृतच्या वर्गात अंगठे धरून उभं राहिल्यासारखं होतं. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे. नको, यातलं काही त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस.

बुधवारी गणपती बसले, दीड दिवसांनी उठले. विसर्जन मागच्या बागेत, बादलीत. शेजारच्या म्हातारीनं कुंपणावरून विचारलं, "इज ही ऑल राइट इन देअर?" अर्चनानं सांगितलं, "ही'ज गोइंग होम." तुमच्या वाटचे मोदक ऋजुतानं संपवले. इथे आल्यापासून तुम्ही दोघं गणपतीला आला नाहीत असं पहिल्यांदाच झालं. कामं फार आहेत, असं वहिनी म्हणाल्या. असतील. तुमच्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात बोटी येतच असतात.

आता तुझा प्रश्न. महिनाअखेरीस आपल्या ग्रॅहमसाहेबांबरोबर स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीला जायचंय, तर पावसापाण्यात टिकणारं जॅकेट कुठलं घ्यावं? ऑगस्टमध्ये तू हे फोनवर विचारलंस आणि गेल्या आठवड्यात पत्रानं आठवण केलीस. ते पत्र मी दोनदा वाचलं. पंचवीस वर्षांत तुझं एकही पत्र शिवीशिवाय सुरू झालं नव्हतं. यात "प्रिय कमलाकर" असं होतं.

बाथरूममधलं झुरळ मारायला बायकोला हाक घालणारा, रक्त तपासायला सुई टोचली तर पलंगावर आडवा होणारा माणूस मृगयेला निघाला, याचं आधी मला फार हसू आलं होतं. आमचे वडील म्हणत, मृगया हे राजांचं व्यसन, आणि राजांपेक्षा राजाबरोबर जाणाऱ्यांना ते महाग पडतं. पण साहेबानं बोलावलं की नाही म्हणता येत नाही, हेही खरं. तू मला विचारलंस ते योग्यच केलंस. भिजण्याच्या शास्त्रात माझा व्यासंग दांडगा. सह्याद्रीतल्या गडांपासून इथल्या लेक डिस्ट्रिक्टपर्यंत मी सगळ्या प्रकारच्या पावसात भिजलोय. शिवाय आपलं माप एकच. तुझ्या लग्नात तू माझाच कोट घातला होतास.

तेव्हा तुझा फोन आल्यावर, ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या शनिवारी, आम्ही दोघं बकिंगहॅमच्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. बंदुकीवाल्यांचं दुकान. भिंतीवर शिंगं, शिंगांवर टोप्या. अर्चना दारातच म्हणाली, "अहो, इथे आपण शाकाहारी आहोत हे सांगू नका." दुकानदार सत्तरीचा, बोलका. मी म्हटलं, मित्रासाठी हवंय, तो माझ्याच मापाचा आहे. त्यानं एकामागून एक अंगावर चढवायला सुरुवात केली.

पूर्वपक्ष पहिला : मेण लावलेलं सुती जॅकेट. दिसायला रुबाबदार, साहेबाच्या शेजारी शोभेल. पाणी अडवतं, पण चढ चढताना आतून घाम सुटतो, आणि मग ओल्या गवतात तासभर निपचित पडून राहायचं म्हटलं की तोच घाम गार होतो. शिवाय मेणाला वास. हरणाचं नाक माझ्या सासूबाईंसारखं. तुम्ही फाटकाशी आलात की त्यांना कळतं. पूर्वपक्ष दुसरा : गिर्यारोहकांचं, माझ्याकडे आहे तसलं. वजनाला हलकं, घाम बाहेर सोडतं, थेंबही आत येऊ देत नाही. मी म्हटलं, हेच द्या. तर म्हातारा म्हणाला, "थांबा. ऐका." आणि त्यानं बाही माझ्या कानाजवळ धरून चोळली. चिप्सच्या पाकिटासारखा आवाज.

मग त्यानं आतून तिसरं आणलं. बाहेरून घोंगडीसारखं मऊ, मध्ये पाणी अडवणारा पडदा, मागची बाजू लांब म्हणजे चिखलात बसलं तरी चालावं, पोटावर सरपटताना दगडावर वाजायला नको म्हणून पुढची चेन झाकलेली. टोपी मानेबरोबर वळणारी. त्यानं बाही चोळली. काहीच नाही. पुन्हा चोळली. काहीच नाही. "हरीण माणसाला बघायच्या आधी कापड ऐकतं," तो म्हणाला. "हे घालून तुमचा मित्र अगदी शेजारी जाऊन बसला तरी त्याला पत्ता लागणार नाही."

खात्री करायला मी दुकानातल्या गालिच्यावर कोपरांवर सरपटून पाहिलं.

"अहो, उठा," अर्चना म्हणाली. "कुणी ओळखीचं बघेल."

"मुरलीसाठी करतोय."

"मुरलीभावजींना सांगा, त्यांच्या वाटचं सरपटणंसुद्धा तुम्हीच करता म्हणून."

जॅकेट बांधून घेतलं. मन लावून निवडलं होतं, मुरली. घरी येऊन जिन्याखालच्या कपाटात टांगलं, आणि ऋजुता म्हणाली, "बाबा, हे घालून मुरलीकाका जेम्स बाँड नाही, बस कंडक्टर दिसेल." आम्ही खूप हसलो. तो शनिवार होता.

पुढच्याच बुधवारी, गणपतीच्या आठवडाभर आधी, ग्रॅहम इकडच्या ऑफिसात आला.

मीटिंग रूममध्ये बसवलं आणि स्वतः चहा करून आणला. साहेबानं स्वतः चहा आणला की काय समजायचं, हे तुला मी सांगायला नको. तुमची आणि आमची टीम एक होणार, बरंचसं काम पुण्याला जाणार, आपल्या दोघांच्या जागांपैकी एक उरणार. मी ऐकत होतो. कामाच्या कागदांची मी तयारी केली होती, ते पुढे ओढले. त्यानं त्यांवर हात ठेवला. म्हणाला, "कॅम, इट्स नेव्हर ईझी. पण तुझ्या बाबतीत मला तितकंसं वाईट वाटत नाही. यू'व बीन वाँटिंग टु गो होम. तुझी आई, तुझं संस्कृत. मर्लीनं सांगितलंय मला सगळं."

मी विचारलं, "कधी सांगितलं?"

"जुलैत. आमच्या बार्बेक्यूला." मग त्यानं माझा खांदा थोपटला. "यू'ल बी देअर फॉर दिवाली."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. मला काढून टाकताना बिचाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

तो बोलला ते आपलं मे महिन्यातलं रविवारचं जेवण होतं, हे मला गाडीत बसल्यावर उमगलं. आठव. श्रीखंड झालं होतं, पंगत सैलावली होती, आणि नेहमीप्रमाणे फलश्रुती सुरू झाली. मी म्हटलं, "दोन वर्षं बास. मग पुण्यात आईजवळ. सकाळी चार पोरांना शब्दरूपं घोकायला लावायची, दुपारी ताणून द्यायची." तू म्हणालास, "मी दापोलीला कलमं लावणार. तुझ्या आईला दर वर्षी पेटी." वहिनी म्हणाल्या, "हे कलमं लावणार! कुंडीतली तुळस मारली यांनी." आणि अर्चना म्हणाली, "आल्यापासून यांची दोन वर्षंच चालली आहेत."

या देशातल्या कुठल्या मराठी घरात रविवारी हे बोलत नाहीत? बसवलेल्या देवाला उठवताना आपण "पुनरागमनाय च" म्हणतो, म्हणून कुणी देवाच्या हातात परतीचं तिकीट देत नाही. म्हणायचं असतं म्हणून म्हणतो, आणि त्याशिवाय जेवण पुरं झाल्यासारखं वाटत नाही. हे तुला ठाऊक होतं. इंग्लंडात हे ज्यांना ठाऊक आहे अशा माणसांत तू पहिला. तरी तू ते उचललंस, नीट इंग्रजीत केलंस आणि ग्रॅहमच्या ताटात वाढलंस. माझं तेवढंच. तुझी कलमं मात्र मराठीतच राहिली.

तू भ्यालास, हे मला समजतं. नवं घर आहे, वहिनींच्या आईंना इकडे आणायचं चाललंय. पण कायम राहण्याचा शिक्का तुझ्या पासपोर्टवर गेल्या वर्षीच पडला. तुझी नोकरी गेली तर तू दुसरी शोधशील. माझं परमिट कंपनीच्या नावाचं. शिक्का पुढच्या उन्हाळ्यात मिळायचा होता. नोकरी गेली की घर, शाळा, सगळं आवरून विमान. हे फॉर्म तूच मला भरायला शिकवलेस, त्यामुळे तुला हे माहीत नव्हतं असं मला स्वतःला समजावतासुद्धा येत नाही.

आणि जुलैत हे सांगून झाल्यावर, ऑगस्टमध्ये तू फोन केलास. "कमळ्या, यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं रे? तूच निवड." मी दुकानात पोटावर सरपटत होतो तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

अर्चनाला त्याच दिवशी सांगितलं. तिनं जिन्याखालचं कपाट उघडलं, जॅकेटकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. ऋजुताला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरात दोन माणसं हळू बोलायला लागली की तिसऱ्याला ऐकू येतंच. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, मग माझी जीसीएसईची परीक्षा? पुण्यात चालते का ती?" अर्चना म्हणाली, "अजून काही ठरलं नाही." तर पोरगी म्हणते, "मुरलीकाकाला सांगा ना. त्याचं बॉसशी चांगलं आहे."

मी भात कालवत राहिलो.

तुला फोन केले. वहिनी म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत हो भावजी." तो "हो" फार लांबला, खोटं बोलायची त्यांना सवय नाही. आणि त्यांच्या पाठीमागे तू घसा खाकरलास. हॉस्टेलच्या खोलीत मी तो आवाज चार वर्षं ऐकलाय.

ग्रॅहमला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, की मला जायचं नाही. त्यानं माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. "यू'र इन शॉक, कॅम. मर्लीशी बोल. तो तुला चांगला ओळखतो. त्याचं मत वेगळं असेल, तर महिनाअखेरीस मी पुन्हा बघेन." म्हणजे माझ्या मनात काय आहे, याचा साक्षीदार तू. मी सांगितलेलं ऐकीव.

म्हणून मागतोय. ऋजुतासाठी मागतोय असं लिहिणार होतो, पण तिच्या पदराआड लपण्यात अर्थ नाही. मी माझ्यासाठीही मागतोय. तुझी जागा मला नको. तिकडे डोंगरात दिवसभर ग्रॅहम तुझ्या शेजारी पडून असणार. त्याला एकच सांग, की कमलाकरला जायचं नव्हतं आणि हे मला माहीत होतं. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा, कारण तो फक्त तूच सांगू शकतोस. मग त्याला काम बघून निवडू दे. मला काढलं, तर मी माझ्या पायांनी जाईन. पण माझ्या तोंडची म्हणून जी इच्छा तू नेऊन दिलीस, ती परत आण.

आता जॅकेटचा सिद्धान्त. सोबतच्या पार्सलात आहे. पण ते नव्हे. काल मी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि बदलून आणलं. म्हाताऱ्याला पटेना. "सर, धिस इज द नॉइझी वन. दे'ल हिअर हिम कमिंग."

"आय होप सो," म्हटलं.

पाऊस ते उत्तम अडवतं, त्याबद्दल निश्चिंत रहा. वाऱ्यालाही पक्कं आहे. फक्त हात हलवलास की वाजेल. खोकलास तरी वाजेल. हरणं लांबूनच उठून जातील, ग्रॅहम वैतागेल, आणि तुला करण्यासारखं काही उरणार नाही, तेव्हा बोलायला वेळ मिळेल. नंतरही वापर. ऑफिसात घालून जा. माझ्यामागून तिथे जो कुणी येईल, रविवारी तुझ्यासमोर पाय पसरून मनातलं बोलेल, त्याला तू जवळ आलास हे निदान ऐकू येऊ दे.

लग्नातला तो कोट अजून तुझ्याकडेच आहे. सवडीनं पाठवून दे.

वहिनींना नमस्कार. लोभ होता, हे कळावे.

कमलाकर