सुनेला यकृत कोणी द्यायचं

तेर,
दि. २० डिसेंबर २०२४

शिवराजदादा, तुळजाबाईचा नमस्कार.

वहिनींचे गुडघे आता बरे असतील. इकडं थंडी चांगली पडलीय, हरभरा घाटे धरतोय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

परवा आम्ही दोघी सासू-सुना पुण्याहून घरी आलो. आरोहीच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय. तोंडाला मास्क लावून अंगणात चालते. "परक्याच्या लेकीसाठी पोट फाडून घेऊ नको," असं तुम्ही बजावलं होतं. घेतलं, दादा. वण अजून ओढतो, पण भाकरी माझी मीच थापते.

गणपतीत तिला साधी कावीळ झाली असं वाटलं. मग ती माणसं ओळखेना. धाराशिवहून पुण्याला नेलं. यकृत पार निकामी झालंय, कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच वाचेल, तेही लगेच, असं डॉक्टर म्हणाले. तिला वडील नाहीत, भाऊ नाही. आईला शुगर, म्हणून ती बाद. नवऱ्याचं, आपल्या राजशेखरचं, काही जमलं नाही. मग मी म्हणाले, "माझं तपासा."

माझं जुळलं. पण सासूचं नातं कायद्यात जवळचं धरत नाहीत, म्हणून मला समितीपुढं बसवलं. एका बाईंनी विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"आणलाय की. देऊ नको म्हणून. सख्ख्या भावानं."

त्यांनी कागद चाळले. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. मग तो का देत नाही? कुठं आहे तो?"

इतका वेळ मी हे लिहायचं टाळलं. त्यांना मात्र सांगावंच लागलं. "चहा प्यायला म्हणून खाली गेला, तो आलाच न्हाय. फोन बंद हाय. बाई, पळालेल्याची चौकशी मागनं करा. म्या इथं बसलेय, माझं बघा."

त्याच दिवशी परवानगी मिळाली.

दादा, ऑपरेशनला नेण्याआधी मी तुम्हाला फोन केला होता. राजू आमच्याकडं आलाच नाही, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्या मागनं त्याचा आवाज आला, "मामा, सांगू नका." पोरगा जिवंत आहे एवढं कळलं, आणि मी फोन ठेवला.

आरोही शुद्धीवर आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भ्याले असतील, आत्याबाई."

भ्याले तर मी पण होते. स्ट्रेचरवर माझे दात वाजत होते. भिण्याचा मला राग नाही. नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं आणि तिच्या उशाशी थांबायचं. कुणी जबरदस्ती केली नसती. आणि तुम्ही त्याला घरात घेऊन जेवायला वाढलंत, ती इकडं मरत असताना.

आता निरोप धाडता, येळवशीच्या अमावस्येला रानात जेवायला आमच्याकडं बेंबळीला या, राजूलाही माफ करून टाकू. माफ करणारी मी कोण? ज्या बाईला तो टाकून गेला, तिला येऊन विचारावं त्यानं. तुम्ही मधे पडू नका. ती ये म्हणाली तर येईल, नको म्हणाली तर माझ्या घराचं दार त्याला बंद. पोटचा असला तरी.

येळवशीला आम्ही आमच्याच रानात जेवणार आहोत.

तुमची बहीण आहे, ते काही पुसत नाही. पण हे पत्र लिहिलंय ते

आरोहीच्या सासूनं,
तुळजाबाई