आईच्या गाण्यातलं दूध

लातूर, शुक्रवार

आदरणीय दादा,

सप्रेम जयभीम. "कॅसेट आपली हाय रेणू, गाणं आपलं न्हाई," असं तुम्ही मला सातवीत असताना बजावलं होतं. (मैत्रिणीसाठी आईच्या कॅसेटची कॉपी काढत होते म्हणून. गाणारी आई शेजारीच भाकरी थापत होती.) तुमची शुगर कशी आहे? वहिनींचा गुडघा? आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी एकटीनं उठायचं नाही असं सांगितलंय. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गाता येत नाही म्हणून आई दिवसातून चारदा स्वतःची कॅसेट ऐकते. फीत घासत चालली, म्हणून मोबाइलवर उतरवून घेऊ का, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, कॅसेट काढणाऱ्या कंपनीचं पत्र आण. (परीक्षेच्या भरारी पथकात जन्म गेला तुमचा. तुम्हाला सगळ्या कॉप्या सारख्याच.) मी नांदेडला गेले. कंपनीच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान आहे. मालकाचा नातू म्हणाला, "मावशी, आजोबाचं कायबी उरलं न्हाई आमच्याकडं. तुमची झाली की एक कॉपी मलाबी टाका की!" आणि बिलाच्या पाठीमागं परवानगी लिहून दिली. तुम्ही ती नामंजूर केलीत, कारण शिक्का कव्हरच्या दुकानाचा होता.

मग चिडून मी विनापरवाना टेपशेजारी मोबाइल ठेवला आणि चुकून टेपचं प्लेसोबत रेकॉर्डचं लाल बटणही दाबलं. पुसू नये म्हणून कॅसेटला जी खाच असते, ती लहानपणी मीच कागदाचा बोळा कोंबून निकामी केली होती. फीत दुसऱ्या कडव्यापाशी होती, तेवढ्यात गॅसकडं लक्ष गेलं. आता दुसऱ्या कडव्याच्या जागी आईऐवजी मी ओरडते, "दूध उतू चाललं, दूध!"

ते ऐकलं की आई दर वेळी वॉकर ओढून गॅसकडं निघते. समजावलं तर म्हणते, "आगं, तूच वरडलीस न्हवं?" टेप लपवली तर जेवत नाही.

आपली,
रेणुका

ता. क. : इथल्या वकीलबाई म्हणाल्या, घरात ऐकायला उतरवलं तर कोण विचारतंय, फक्त विकू नका, वाटू नका. तुम्हाला पटणार नाहीच.

ता. क. २ : याच गाण्याची दुसरी कॅसेट तुमच्या कपाटात आहे, पाकीटसुद्धा न फोडलेली. रविवारी आईला फोन करा आणि ते कडवं ऐकवा. मी इकडं रेकॉर्डिंग लावणार आहे. चोरून नको म्हणून आधीच सांगते. नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी पाकीट फोडा, दादा.