तीन पुनरावृत्त्या

१७ जून १९८४, येलदरी

पोचलो एकदाचा. जिंतूरहून एसटीनं येईपर्यंत अंगावर धुळीचा थर चढला होता, पण वळणावर धरणाचं पाणी दिसलं आणि सगळा शीण गेला. आम्हा चुडाव्याच्या माणसांना एवढं पाणी एका जागी बघायची सवय नाही. विद्यापीठाची योजना नवी आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं सहा महिने एखाद्या नव्या उद्योगात राहायचं, तिथला धंदा शिकायचा आणि तिथल्याच कामावर प्रबंध लिहायचा. आमच्या तुकडीतून गाईड सरांनी माझं एकट्याचं नाव दिलं. आईला वाटलं नोकरीच लागली. मीही तिची समजूत मोडली नाही.

मत्स्यबीज केंद्राचे मालक दिनकरराव स्वतः फाटकापर्यंत आले. चाळिशीचे, मोठ्या शेतकरी घरातले, बोलायला अगदी मोकळे. केंद्र सुरू करून त्यांना दोनच वर्षं झालीत. जेवताना मला शेजारी बसवलं. म्हणाले, नामांतराची भांडणं बाहेर, आमच्या ताटात ती येत नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्याच भांडणात आमचं घर जाळलं, तेव्हापासून इतक्या सहज कुणी शेजारी बसवल्याचं मला आठवत नाही. खोलीला पाण्याकडं खिडकी आहे. सुखानं झोप लागेल.

२१ जून

रोहू आणि कटला साठवलेल्या पाण्यात आपसूक अंडी देत नाहीत. म्हणून दुसऱ्या माशाचं डोकं फोडून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढायची, घोटायची आणि मादीला टोचायची. ही ग्रंथी मोहरीएवढी असते. अंड्यांतून निघणारी पिल्लं जिऱ्याएवढी, म्हणून त्यांना जिरेच म्हणतात. आज मी टोचलेल्या मादीनं अंडी दिली. भिजलेल्या साबुदाण्यासारखं सगळं पाणी भरून गेलं. मी खुळ्यासारखा हसत होतो. केंद्राची बोट चालवणारा मुंजाजी भोई म्हणाला, साहेब बाप झाले.

घाटावर वस्तीतली रुख्मिणी भेटली. ती रोज खुरपणीच्या बाया घेऊन केंद्राच्या बोटीनं पलीकडच्या तीराला जाते. दिनकरराव त्यांच्याकडून भाडं घेत नाहीत. तिनं माझं नाव-गाव विचारलं, जयभीम घातला आणि बायांना मोठ्यानं सांगितलं, "आपला हाय. सायंटिस हाय." ओटीतून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

२८ जून

दिनकररावांनी आज वेगळ्या बाटलीतल्या ग्रंथी दिल्या. वाटाण्याएवढ्या. बकऱ्याच्या आहेत, जिंतूरच्या खाटकाकडून येतात, असं म्हणाले. एकाच ग्रंथीत अख्खी टाकी उरकली आणि अंडी जवळपास दुप्पट. असं कुठं वाचलेलं नाही. प्रबंधाचा विषय घरी चालत आला. पोस्टातून सरांना फोन लावला. सरांचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता.

५ जुलै

धरणात कुणी बुडालं की मुंजाजी बुडी मारून मढं काढतो. नातेवाईक येईपर्यंत ते केंद्राच्या बर्फाच्या खोलीत ठेवतात. त्याबद्दल लोक दिनकररावांना दुवा देतात. आज वस्तीतले तात्याराव म्हणून एक म्हातारे आणले. घरच्यांच्या ताब्यात दिलं तेव्हा डोक्याला पांढरं फडकं गच्च आवळलेलं होतं. खडकावर आपटले असतील, असं मुंजाजी म्हणाला. सुनेनं दिनकररावांचे पाय धरले.

संध्याकाळी बाटलीत एक ग्रंथी जास्त होती.

६ जुलै

बकऱ्याची नाही. मी न राहवून विचारलं. दिनकररावांनी काही लपवलं नाही. मेलेल्याला तिचा काय उपयोग, म्हणाले. लोक देहदान करतात, हे त्यातलंच. तुमी बेडूक कधी चिरला न्हाई का, असंही विचारलं, आणि चहा पुढं सरकवला.

जेवलो नाही. सर मंगळवारनंतर येणार आहेत. त्यांना सगळं सांगीन. ते हे बंद करतील.

११ जुलै

सर आले. टाक्यांच्या कडेनं चालता चालता मी सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी जिरे जगण्याचं प्रमाण विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाहीत, सूर्यभान. किमान तीन पुनरावृत्त्या पाहिजेत."

मी म्हणालो, सर, ही माणसं आहेत. होती, असं त्यांनी दुरुस्त केलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हे काम पीएच.डी.पर्यंत जाईल, तुमच्या समाजाला अशा नावाची गरज आहे. त्यांना बरोबर ठाऊक होतं कुठं हात घालायचा.

दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडलो. मेलेले ते मेलेलेच, असं मनाशी घोकत होतो. घोकता घोकता ते पटायला लागलं.

१९ जुलै

कुणी बुडालं नाही. प्रयोग अडलाय. चहाच्या वेळी दिनकररावांनी विचारलं, किती लागतील, आणि ताज्याच पाहिजेत का. मी म्हणालो, ताज्या असल्या तर उत्तमच. त्यांनी चिठ्ठी पुढं केली. मी आकडा टाकला. तीन.

मला वाटलं, एखाद्या दवाखान्यातून आणतील. खरंच तसं वाटलं.

२३ जुलै

खुरपणीची बोट उलटली. वारा नव्हता.

मी काठावर होतो. मुंजाजीनं एकेकीला ओढून आणलं. पट्टीचा पोहणारा आहे. मग तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. आत अजून हात दिसत होते. तो नुसता उभा होता. मी ओरडलो, पाण्यात शिरलो, पण मला पोहता येत नाही. पाणी निवळलं तेव्हा तो परत आत गेला आणि उरलेल्या आणल्या.

तिघी.

रुख्मिणी त्यांत आहे.

२४ जुलै

काढल्या. माझ्या हातानं. नमुना खराब झाला तर पुन्हा तीन लागतील, असं दिनकरराव दारातून म्हणाले. म्हणून नीट काढल्या.

रुख्मिणीच्या भावानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी व्हता म्हनून बहीन घावली, दादा. न्हाईतर माशांनी—"

मी हात सोडवून घेतला नाही.

२६ जुलै

चालत चौकीवर गेलो. फौजदारानं ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं आणि स्वतःच्या जीपमधून मला इथं आणून सोडलं.

दिनकरराव रागावले नाहीत. समोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आकडा तुमचा. आमी तर विचारूनच केलं." गावकऱ्यांची बोट वेगळी, वस्तीची वेगळी, पहिली कधी उलटत नाही आणि दुसरीचं कुणी विचारत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मला का निवडलं तेही. उद्या बोभाटा झालाच तर कापणारा हात वस्तीतलाच पाहिजे. सरांची ही सूचना होती.

आता फाटकाला कुलूप असतं.

३० जुलै

तिन्ही टाक्या भरल्या. असं यश कुणी बघितलं नसेल. भिंगाखाली जिरे धरले. अंग काचेसारखं, डोळ्यांचे काळे ठिपके तेवढे. सगळे ठिपके माझ्याकडं. मी भिंग हलवलं, तरी माझ्याकडं.

मुंजाजीला विचारलं, तू का करतोस. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "पयली माजीच लेक व्हती, साहेब. ती तर खरंच बुडली व्हती. मालक म्हनले, तिच्यापाई एवडं बीज झालं. मंग बाकीच्यांचं काय वाटायलंय."

मग मला बाजूला सरकायला सांगितलं. मी जाळ्यावर उभा होतो.

२ ऑगस्ट

सर आले. पेढे आणले. निकाल उत्तम. आता वयाचा परिणाम बघायचा, म्हणाले. म्हातारे. तरणे. लहान. प्रत्येक गटात तीन—

नाही म्हणालो. कितीदा म्हणालो. सर टाक्या बघत होते.

३ ऑगस्ट

सकाळ. स्वच्छ ऊन. दार बाहेरून लावलंय.

कागद समोर आहे. तीन गट, पुढं मोकळी जागा. मी आकडे टाकले तर तेवढेच, बाकीच्यांना मुंजाजी काढील. न टाकले तर बोटीत असतील तेवढे सगळे, निवड मागाहून. दिनकरराव चहा घेऊन येतो म्हणाले, तेव्हा कागद बघून खिडकीतून मुंजाजीला खूण करतील.

मी शून्य टाकलं होतं. तीनदा शून्य. त्यांनी खोडलं. शून्याचा गट तुलनेसाठी वेगळा असतो, सरांना विचारा, म्हणाले.

घाट दिसतो. वस्तीची बोट भरायलीय. पलीकडं लग्न आहे, सगळी नटून आलीत. लेकरं पुढच्या बाजूला बसवली.

गजांतून ओरडलो. घसा फुटेस्तोवर. पंपाच्या आवाजात काही जात नाही. त्यांना वाटतं मी हाक मारायलोय. हसतात. हात करतात.

मुंजाजीनं दोर सोडला. खिडकीकडं बघतोय. थांबलाय माझ्यासाठी.

म्हाताऱ्यांपुढं एक टाकला. एक म्हणजे कमी. एक म्हणजे बाकीचे—

तरण्यांपुढं— एक—

लहान. इथं टाकणार नाही. पण मोकळं ठेवलं तर सगळी. सगळी लेकरं. टाकला तर एक. एकच. कोण ते मी ठरवायचं नाही, ते तो— एक टाकला की बाकीची सुटतात, हा तर साधा हिशेब—

बोट हलली. पिवळ्या झग्यातली एक पोरगी उभी राहून मला हात करायलीय. तिची आई खाली बस म्हणायलीय. ती बसत नाही.

जिन्यावर पावलं. मी टाकतो. मी आता लहानच्या पुढं