राणीसाहेबांसाठी राखून ठेवलेली किटली

सोमवार, १८ फेब्रुवारी १९२९
लंडनच्या प्रदर्शनात आमचा गाळा लागला. मी आणि चिनी मातीच्या चाळीस चहाच्या किटल्या. निघताना मालक डॉकरी म्हणाले, "एनॉक, यंदा मोठी ऑर्डर आली नाही तर ईस्टरला भट्टी विझवायची. अकरा माणसं घरी बसतील. त्यांत तूही." मी म्हटलं, देवावर आणि माझ्या निळ्या झिलईवर भरवसा ठेवा. सात वर्षं खपलोय त्या निळ्यासाठी. गुरुवारी राणीसाहेब येणार. त्यांनी एक किटली घेतली की देशभरचे दुकानदार दारात.
संकल्प: गर्व करायचा नाही.

मंगळवार
शेजारच्या गाळ्यात मिस ट्रँटर. चहा गरम राहावा म्हणून अख्ख्या किटलीवर घालायच्या लोकरी टोप्या विकते. भडक रंग, वर गोंडे. दिवसभर बडबड. मला म्हणाली, "मिस्टर एनॉक, गाळा मांडलाय की चॅपेल? जरा हसा की!"
हसलो नाही. गिऱ्हाईकही फिरकलं नाही. गंभीर माल आहे, वेळ लागणारच.

बुधवार, संध्याकाळी ५
अधिकारी नियम सांगून गेला. राणीसाहेबांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. माल पुढे करायचा नाही. माझ्या स्वभावाला अगदी धरून.
सर्वांत देखणी किटली मधोमध ठेवून तिला 'राखीव' अशी चिठ्ठी लावली. आमच्या चॅपेलच्या विक्रीत पाद्रीबाईंसाठी चांगली वस्तू अशीच बाजूला काढतात. बाई येतात, चिठ्ठी बघतात, समजतात. मिस ट्रँटर म्हणाली, "कुणासाठी ते तरी लिहा." राणीचं नाव आपणच लिहायचं? हा आगाऊपणा माझ्याकडून व्हायचा नाही.

गुरुवार, दुपारी
आल्या. थांबल्या! तीच किटली उचलली. "काय सुरेख निळा आहे," म्हणाल्या. सोबतच्या बाईंना, मला नव्हे. मग चिठ्ठी वाचली. "अरेरे, कुणीतरी आधीच ठेवून घेतलीय." हलकेच खाली ठेवली.
मला काही विचारलं नव्हतं. मी नियम पाळला. वाकलो, तो वर बघेपर्यंत त्या शेजारी पोचल्या होत्या. तिथे दोन टोप्या घेतल्या.
मिस ट्रँटर नंतर म्हणाली, "अहो, निदान खोकायचं तरी!"
एकूण भेट यशस्वी. झिलई पसंत पडली.

शुक्रवार
टोप्यांपुढे रांग, माझ्या गाळ्याच्या पार पुढेपर्यंत. पाच जणांनी मला विचारलं, रांगेचं शेपूट कुठे? दाखवलं. हीसुद्धा सेवाच.
अकरा जणांची नावं घेऊन प्रार्थना केली. माझं शेवटी घेतलं.

शनिवार, २३ फेब्रुवारी
देवाची कृपा! ग्लासगोच्या दुकानदाराने दोन हजार किटल्यांची ऑर्डर दिली. मिस ट्रँटरनेच त्याला हाताला धरून माझ्याकडे आणलं. भट्टी वाचली. मी त्याला झिलईची सगळी कृती सांगायला बसलो. तिसऱ्या पायरीवर त्याने मला थांबवलं. "अहो, निळ्या कशाला? टोपीसकट विकायच्यात. साध्या तपकिरी द्या, दिसणार कुणाला?"
मालकांना तार केली: राणीसाहेबांच्या भेटीमुळे दोन हजारांची ऑर्डर.
रंगाचं लिहिलं नाही. तारेत शब्द मोजून लिहावे लागतात.