मनूनं लस घेतली

४ ऑगस्ट
मनू आज सायकलवर शाळेत गेली. पुंडलिकनगरच्या चौकापर्यंत मी मागं मागं. तिनं वळून बघितलं, "पप्पा, घरी जा."
संध्याकाळी तिच्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमकडं. म्हणाल्या, सांधे शांत आहेत तोवर फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेऊन टाका. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ऑक्सिजन लावावा लागला होता. ते परत नको. पण लसीनं दुखणं उलटेल याचीही भीती. मनूची आई संगीता येताना रिक्षात जुनी फाईल उलटत बसली.

६ ऑगस्ट
देवगावहून दादाचा फोन. "आधीच लई औषधं पोरीच्या अंगात. गप बसलेलं दुखणं कशाला उठवता?"
माझ्याही मनात तेच.

९ ऑगस्ट, शनि.
जेवताना मनू म्हणाली, "सगळे बोलतायत, मला कुणी विचारलंच नाय." चौदा वर्षांची पोर. खरंच नव्हतं विचारलं.
संध्याकाळी तिला घेऊन परत मॅडमकडं. तिनंच विचारलं, "लस घेतल्यावर सांधे परत सुजतील का?"
मॅडम : "ताप येईल, हात दुखेल. एखादा सांधा थोडे दिवस कुरकुरेल. लसीनं आजार उलटतो असं सहसा दिसत नाही. न्यूमोनियानं काय होतं, ते तू भोगलंयस."
"पण नक्की नाही होणार?"
"नक्की असं मी सांगू शकत नाही."
मनू म्हणाली, "चालंल. द्या."
बाहेर आल्यावर म्हणाली, 'नक्की नाही होणार' म्हणाल्या असत्या तर मी विश्वासच ठेवला नसता.

११ ऑगस्ट
दोन्ही लसी झाल्या. फ्लूची आम्हा दोघांनाही, घरात आजार नको म्हणून. सुईच्या वेळी मीच भिंतीकडं बघत होतो.

१२ ऑगस्ट
ताप. उजवं मनगट गरम, थोडं सुजलेलं. दादाचा फोन घेतला नाही.
मॅडम फोनवर : नेहमीची औषधं चालू ठेवा, दोन दिवसांत उतरलं नाही तर या.
संगीता मनगट चोळत रडायला लागली. मनू तिला म्हणते, "आई, हे जुनं दुखणं नाय. जुन्याला मी वळखते."
ताप तिला, धीर आम्हाला.

१५ ऑगस्ट
ताप नाही. मनगट उतरलं. झेंडावंदनाला गेली, आल्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण स्वतः फिरवून उघडलं.
दादाला कळवलं. "बरं झालं," एवढंच बोलला.

२२ ऑगस्ट, पोळा
देवगावला गेलो. दादा वेशीतच उभा. "घरात नका येऊ. नातीला कांजिण्या आल्यात. तुमचा फोनच लागंना." मी मनूला मागं ओढलं. तिला कांजिण्या झालेल्या नाहीत, आणि तिच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते.
तिला शाळेमागच्या कडुनिंबाखाली बसवलं. वहिनी नातीजवळ, म्हणून शेजारणीकडून पोळ्या करवून घेतल्या होत्या. दादा स्वतः लांब बसला. बैलांची मिरवणूक आम्ही तिथूनच बघितली.
"याची लस नाय का तुला?" दादानं विचारलं.
"हाय, पण तीत जिवंत जंतू असतात, मोठे आबा. माझ्या औषधांवर ती चालत नाय."
दादा खाली बघत बोलला, "मंग आमच्याच पोरीला द्यायला पायजे व्हती."
परत निघेपर्यंत एकदाही आमच्याजवळ आला नाही. या माणसाबद्दल मी मनात काय काय बोललो होतो.

१३ सप्टेंबर
मनू ठणठणीत. कांजिण्यांचा विषय तिनंच मॅडमकडं काढला. मॅडम म्हणाल्या, सांधे असेच शांत राहिले तर पुढं औषधं कमी करून काही दिवस थांबवता येतील, त्या मधल्या काळात ती लस बसवता येईल. पण औषध थांबलं की दुखणं डोकं वर काढू शकतं.
संगीतानं माझ्याकडं बघितलं, मी मनूकडं.
"मला विचार करू द्या," मनू म्हणाली.
मॅडम म्हणाल्या, कर. घाई नाही.
रिक्षात आम्ही मुद्दाम विषय काढला नाही, ठरवायचं तिनंच.