स्पॅनिश कवीची शुक्रवारची कहाणी

कुवेंपुनगर, म्हैसूर
१० ऑगस्ट २०२४

चि. सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ज्या स्पॅनिश कवीचं भाषांतर करतोय, त्याची गोष्ट तू श्रावणी शुक्रवारची कहाणी करून टाकलीस आणि हातात अक्षता धरून वाचतेस, हे ऐकून धन्य झालो. राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिलं म्हणून तुरुंगात डांबलेला नास्तिक. जिवतीशेजारी बसून बावरला असेल बिचारा! पण तुझा मुलगा अनुराग तुरुंगातून सुटावा म्हणून धरलेलं व्रत, तेव्हा थट्टा पुरे.

पुढच्या शुक्रवारचा भाग: तुरुंगात त्याचे कागद काढून घेतले. मग त्याने प्रत्येक सोबत्याला एकेक कडवं पाठ करायला लावलं. आमच्या पाठशाळेत तरी वेगळं काय होतं? फक्त दार उघडं असायचं.

इकडे एक चमत्कारिकच. मी लिहितो त्या खोलीत कुणीतरी खोकतं. वाटलं, भाषांतराचा ताप. पण काल शेजारच्या वनजम्मा कषाय, म्हणजे आपला काढा, करून घेऊन आल्या. तुमचा पाहुणा फार खोकतोय, म्हणाल्या. घरात मी आणि लेक स्पृहा, दोघंच. कषाय मीच प्यालो.

लोभ आहेच, तो भांडून वाढव.
तुझा दादा,
विश्राम

मिरज
१९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राखी उशिरा पोचेल. तोवर मागच्या वर्षीचीच बांध.

कहाणी फळतेय! दोन महिने भेट नाकारणारा अनुराग या खेपेला जाळीपाशी आला. मोर्चात गाणं म्हटलं म्हणून आत गेलेलं पोर. त्याला तुझा कवी सांगितला, तर हसला. वाळलाय रे. खोकतो, रात्री अंगही तापतं. धूळ आहे म्हणाला. वकील आधीच जामिनाच्या तारखांनी वैतागलेत, म्हणून त्यांच्याकडे बोलले नाही.

येत्या शुक्रवारी शेवटचा भाग. कवी सुटून घरी येतो ना? वाईट शेवटाची कहाणी सांगत नाहीत आणि अर्धी सोडत नाहीत. सुफळ संपूर्ण पाठव.

तुझी,
कांचन

म्हैसूर
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. कांचन हिस,
आशीर्वाद.

या पत्राचा फोटो स्पृहा लगेच तुझ्या मोबाइलवर पाठवतेय. फोन केला तर तू रडशील, मी श्लोक म्हणेन आणि काम राहील.

कवी सुटला नाही. आतच गेला, छातीच्या रोगाने. आधी खोकला, मग रात्रीचा ताप. सगळे म्हणाले, धूळ.

तुझं व्रत मोडू नये म्हणून, जन्मभर ‘सत्यं वद’ शिकवत आलेल्या या माणसाने त्याची खोटी सुटका लिहून ठेवली होती. छान जमलीही होती. तुझं पत्र वाचून फाडली.

उद्याची पूजा राहू दे. वकिलांना गाठ. अनुरागची छाती बाहेरच्या रुग्णालयात तपासावी, असा कोर्टात अर्ज करायला लाव. वैतागतील, वैतागू देत. व्रतभंगाचं पाप माझ्या नावे.

अर्जाच्या बातमीकडे डोळे लावून बसलेला,
विश्राम

मिरज
६ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला नाही नाही ते बोलले, आणि बोलत बोलतच वकिलांचा जिना चढले.

क्षय निघाला. वेळेवर सापडला, औषधांनी बरा होईल, असं डॉक्टर म्हणतात. अनुराग आता रुग्णालयात आहे. खाटेशी पोलीस बसतो. जामीन अजून नाही.

त्याला कहाणीचा खरा शेवट सांगितला. त्याने विचारलं, कवी गेला तेव्हा किती वर्षांचा होता? मला ठाऊक नव्हतं, तसंच सांगितलं. तुझ्या पुस्तकात असेलच.

दादा, एवढं मात्र मला कळवू नकोस.

तुझी,
कांचन