उठून जायचा नियम

३ एप्रिल

हायस्कूलच्या शिष्यवृत्ती निधीच्या समितीवर मला घेतलं! पाच जणांत मीच एकटी तिशीच्या आतली. याच निधीवर मी कॉलेजात गेले, घरातली पहिली. निधीतून शिकलेल्या कुणासाठी तरी एक खुर्ची ठेवलेली असते, ती यंदा माझी.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता फुकटच्या बैठका." धाकट्या ब्रिनने मान वरसुद्धा केली नाही. आई खेकडे सोलत राहिली. मला वाटलं होतं, तिला तरी आनंद होईल.

५ एप्रिल

समितीच्या प्रमुख विल्माबाईंनी नियम समजावले. यंदा हॅस्कल कोव्ह हायस्कूलचा दाखला मिळणारा कुणीही अर्ज करू शकतो. अर्जावर नाव नाही, फक्त क्रमांक. बैठकीत कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, ओळखलं तरी नाही. नाव घेतलं की तो अर्ज बाद. आणि अर्ज आपल्या घरातल्याचा वाटला तर उठून शेजारच्या स्वयंपाकघरात जायचं, मत द्यायचं नाही.

मी विचारलं, "घरातलं म्हणजे कुठपर्यंत?"

"अगं, तसं बघायला गेलं तर या गावात सगळेच उठतील. मग शिष्यवृत्त्या काय पीबडीचं कुत्रं वाटणार?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त पीबडीच. आजवर कोण कोण उठलं, असं मी विचारलं. कुणीच नाही म्हणे! सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळे साळसूद चेहरे करून बसतात. हा नियम आहे की नाटक?

१२ एप्रिल

आज अर्ज वाचले. तिघांना मिळणार. दोन नावांबद्दल (नावं नव्हे, क्रमांक!) वाद नाही. तिसरी जागा चार किंवा सातला.

सातने लिहिलंय — ज्या टेबलावर मी खेकडे सोलते त्याच टेबलावर अभ्यास करते. कितीही पुसलं तरी पानांना वास येतो. मला बँगोरला नर्सिंग शिकायचंय. आमच्या घरात एकच जण शिकली आहे. ती कामावर गेली की तिची पुस्तकं मी काढून वाचते. तिला सांगायचा धीर होत नाही. ती फार नीटनेटकी आहे.

ब्रिन!! रोज जेवताना ओरडून सांगते, "मी कुठं जात नाही, मी बाबांच्या बोटीवर जाणार." आणि इकडे हे!

घरी आल्याबरोबर वर जाऊन माझं जीवशास्त्राचं पुस्तक नाकाशी धरलं. वास येतो. खेकड्याचाच.

आधी राग आला. मग रडू. "फार नीटनेटकी" म्हणजे काय? माझी भीती वाटते का हिला?

१३ एप्रिल

ब्रिनला एकटीला गाठलं. म्हटलं, "तुला मला काही सांगायचंय का?"

"हो. माझे लोकरीचे हातमोजे गरम पाण्यात तूच धुतलेस ना? आता ते बाहुलीला घाल."

१९ एप्रिल

आई आजही संध्याकाळी तिच्या मैत्रिणीकडे, रोबर्टाकडे, खेकडे सोलायला. मंगळवार नाही, गुरुवार नाही. घरचे खेकडे कमी पडतात का! दिवसभर मी शाळेत पहिलीच्या पोरांपुढे ओरडून यायचं आणि मग चूल माझ्या गळ्यात.

ती आल्यावर विचारलं, "ब्रिन कॉलेजात जाणार आहे का?"

"तिला विचार."

"ती खोटं बोलते."

आईने हात पुसले, पुन्हा पुसले. "लॉरेल, तू सगळं इतकं मनाला लावून का घेतेस? ज्याला शिकायचंय तो शिकेल." आणि झोपायला गेली. आठ वाजता!

या घरात सरळ उत्तर मिळणं बंदच झालंय.

२६ एप्रिल

झालं. आज मतदान होतं.

पीबडी म्हणाले, "सात वाचून मला माझी आई आठवली." मला वाटलं, संपलं, सातला मिळणार. पण बँकेतले ऱ्होड्स म्हणाले, "लिहिलंय छान. पण चारपुढे आख्खं आयुष्य पडलंय."

म्हणजे सातपुढे नाही पडलेलं? ब्रिनही अठराचीच आहे! जिभेवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर बहिणीची बाजू घेतली म्हणाले असते. गप्प बसून मत दिलं असतं तर मीही त्यांच्यातलीच, साळसूद चेहरा करून बसणारी.

मी उठले.

"मला मत देता येणार नाही. सात माझी बहीण —"

"नाव नको!" विल्माबाई ओरडल्या.

"नाव नाही घेत. बहीण आहे, एवढंच."

पीबडींनी चष्मा काढला. तोंड उघडलं, मिटलं. विल्माबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बहीण?" मग छताकडे बघत राहिल्या. ऱ्होड्स खोकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नियम पाळत होतं, आणि हे असे बघतात जणू मी टेबलावर चढले!

"जा बाई," पीबडी हळूच म्हणाले. "मला काही बोलता येत नाही. जा, बीन्स हलव."

उद्याच्या, शनिवारच्या गावजेवणाची मोठी पातेली चुलीवर होती. निधी चालतो तो या विकतच्या जेवणांवरच. काकवीचा वास, वाफ, आणि मी डाव घेऊन उभी. दारातून सगळं ऐकू आलं. दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली तर ज्याचा अर्ज आधी आलेला, त्याला. चारला.

मी बसून राहिले असते तर सातला.

निघताना विल्माबाईंनी माझा कोट धरला. "पोरी, इतकं सरळ असू नये गं."

मग नियम केलात कशाला?  

२७ एप्रिल

ब्रिन सकाळी शीळ घालत बोटीवर गेली. शीळ! मी हिचं कॉलेज बुडवून आले आणि ही शीळ घालते!

१० मे

नकाराची पत्रं आज आली असणार. टपाल आईनेच आणलं. आणलं आणि खेकडे सोलायला बसली. शेवटी मलाच राहवेना.

"ब्रिन, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे."

"हातमोजे? सोड गं, नवे घेतले."

"कॉलेजबद्दल बोलतेय मी!"

ब्रिनने आईकडे पाहिलं. आईच्या हातातला खेकडा खाली पडला, टेबलाखाली गेला. तिने उचलला नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी उभी राहिली. म्हणजे आईलाही माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून!

"तू ना, लॉरेल," ब्रिन म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस, पण..." आणि टेबलाखालचा खेकडा उचलायला वाकली. कुणीतरी एकदा वाक्य पुरं करा!

२ जून

समितीचा राजीनामा लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. टेबलावर पडलाय.

८ जून

शाळेच्या जिममध्ये दाखल्यांचा समारंभ. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. "आई कुठे?" म्हटलं तर म्हणाले, "गप्प बस गं, पुढे बघ." आडनावांच्या क्रमाने नावं. ब्रिन ड्रिस्को. ब्रिनने दाखला घेतला, पण खाली उतरेना, पायरीपाशीच थांबली. मुख्याध्यापकांनी पुन्हा "ड्रिस्को" म्हटलं. मला वाटलं, चुकले.

"नोरीन ड्रिस्को. संध्याकाळचे वर्ग."

निळ्या झग्यात, टोपी एका कानावर आलेली — आई!

विल्माबाई उठल्या, पीबडी उठले, ऱ्होड्ससुद्धा. सगळं जिम उठून टाळ्या वाजवत होतं. बसलेली मी एकटी.

बाहेर आईने मला जवळ घेतलं. हातांना साबणाचा वास, त्याखाली खेकड्याचा. "तू उठून गेलीस ते विल्माने सांगितलं मला," ती म्हणाली. "बरोबर केलंस. उठायलाच हवं होतं."

मग माझी कॉलर नीट करत म्हणाली, "फक्त मला वाटलं होतं, तू ओळखशील."